पदकाच्या कडेवरचे नाव

साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावाचे ४६ जवान पहिल्या महायुद्धात कामी आले. त्या गावाच्या नावापुढे आजही ‘मिलिटरी’ हा शब्द लागतो. परंतु त्याच युद्धाला गेलेल्या मोच्याला, लोहाराला कोणते गाव आठवते?

१९१४ ते १९१९ या काळात हिंदुस्थानातून सुमारे ८ लाख ७७ हजार लढवय्ये भरती झाले. त्यांच्या जोडीला सुमारे ५ लाख ६३ हजार बिनलढाऊ माणसे होती. खोगीर शिवणारे, नाल ठोकणारे, पखालीने पाणी वाहणारे भिस्ती, खेचरवाले, स्वयंपाकी, धोबी. सरकारी दप्तरात या सर्वांना एकच शब्द : ‘फॉलोअर’, म्हणजे मागून चालणारा. हा शब्द मला अन्यायाचा वाटतो. मेसोपोटेमियाच्या चिखलात खोगिराचा पट्टा तुटला की खेचर अडे, आणि खेचर अडले की पुढच्या खंदकात काडतुसे पोहोचत नसत.

मरणातही पायरी सुटली नाही. १९२९ साली बसऱ्याला स्मारक उभे राहिले. त्यावर ब्रिटिश शिपायांची नावे कोरली, हिंदी अधिकाऱ्यांचीही कोरली; सामान्य हिंदी शिपायांची मात्र पलटणवार नुसती संख्या!

जे जिवंत परतले, त्यांच्यासाठी ‘ब्रिटिश वॉर मेडल’ होते. ते शिपायाला चांदीचे, तर मजूर पथकांतील हिंदी माणसांना काशाचे मिळाले. गंमत अशी की, स्मारकाने जे नाकारले ते या पदकाने दिले. त्याच्या कडेवर क्रमांक, हुद्दा, नाव आणि पथक कोरलेले असते.

म्हणून अक्कलकोट तालुक्यातील मैंदर्गीसारख्या गावातील मित्रांना विनंती. युद्धावरून परतून पुन्हा रापी-आरी किंवा भाता हाती घेतलेला एखादा पणजोबा तुमच्या घराण्यात असेल, तर जुनी पेटी उघडून पाहा. पदक सापडल्यास चिंचेने घासू नका, अक्षरे झिजतात. कडेवर तिरपा उजेड पाडून वाचा. नाव रोमन लिपीत, कारकुनाच्या कानाला जसे ऐकू आले तसे असेल. आपला मुलूख मराठी-कानडीच्या सीमेवरचा. तेव्हा ते दोन्ही भाषांत उच्चारून पाहा, आणि घरातल्या सर्वांत वृद्ध माणसाला मोठ्याने वाचून दाखवा.