संबळ, तुणतुणें आणि दिवटी

मराठी भाषेनें 'गोंधळ' या शब्दावर मोठा अन्याय केला आहे. वर्गांत मुलें ओरडूं लागलीं, बाजारांत माणसांची रेटारेटी झाली, हिशेबांत चूक निघाली, कीं त्या सर्वांस गोंधळ हें एकच नांव मिळतें. परंतु ज्या विधीचें हें नांव, त्या विधीइतकी शिस्त आणि त्याच्या साथीदारांइतका एकमेळ फार थोड्या ठिकाणीं पाहावयास सांपडेल.

या विधीचें एक मोठें पीठ म्हणजे धाराशिव जिल्ह्यांतील तुळजापूर. बालाघाटाच्या डोंगरकडेला वसलेल्या या गांवीं पायऱ्या उतरून गेलें म्हणजे भवानीचें मंदिर लागतें. महाराष्ट्रांतील असंख्य घराण्यांची ती कुलस्वामिनी. घरांत लग्न झालें, मुंज झाली, जावळ निघालें, कीं देवीचा गोंधळ घालावयाचा, हा कुळाचार. प्रत्येक घरास त्या वेळीं तुळजापुरास जातां येतेंच असें नाहीं. तेव्हां देवीसच घरीं बोलवावयाचें, आणि तें बोलावणें ज्यांनीं करावयाचें, ते गोंधळी. तुळजाभवानीचे उपासक ते कदमराई आणि माहूरच्या रेणुकेचे उपासक ते रेणुराई, अशा त्यांच्या दोन शाखा प्रसिद्ध आहेत.

मेळा लहानसाच, बहुधा चारपांच असामींचा. अंगांत पायघोळ झगा, डोक्यास पागोटें, कपाळीं कुंकवाचा मळवट, गळ्यांत कवड्यांच्या माळा आणि पायांत घुंगरू. मुख्य गाणारा तो नाईक. त्याच्या शेजारीं संबळ वाजविणारा उभा असतो. संबळ म्हणजे एकत्र बांधलेलीं दोन चर्मवाद्यें. एक लहान तोंडाचें व उंच स्वराचें, दुसरें मोठ्या तोंडाचें व खर्जाचें. तें कमरेशीं बांधून दोन काठ्यांनीं वाजवितात. तुणतुण्यास तार एकच. पोकळ लांकडी नळकांडें, त्याच्या तळाशीं चामडें, बाजूस बांबूची काठी आणि तिच्या खुंटीस ताणलेली तार, एवढाच त्याचा संसार. पण गाणाऱ्याचा स्वर रात्रभर ढळूं न देण्याचें काम त्याचें. झांज ताल राखते. दिवटी कांहीं वाद्य नव्हे, तरी तिच्यावांचून मेळा पुरा होत नाहीं. देवीची ज्योत म्हणून तिच्यांत पुनःपुन्हा तेल घालून ती तेवत ठेवावी लागते.

रात्र पडली म्हणजे पाटावर नवें वस्त्र अंथरून धान्याचा चौक भरतात, कलश मांडतात, आणि घरधनी पूजा करितो. मग संबळावर पहिला घाव पडतो. आरंभीं गण, त्यानंतर देवतांस आवाहन. तुळजापूरची भवानी, माहूरची रेणुका, कोल्हापूरची अंबाबाई, जेजुरीचा खंडोबा, पंढरीचा विठोबा, अशीं एकेका दैवताचें गांव घेऊन निमंत्रणें जातात. ज्या बाईनें जन्मांत शेजारचा तालुकाही पाहिला नसेल, तिनेंही हा महाराष्ट्राचा नकाशा अशा रात्रीं अंगणांत बसून ऐकलेला असे. पुढें नाईक आख्यान लावितो. एक साथीदार मधूनमधून भाबडे प्रश्न विचारून त्याची फिरकी घेतो, श्रोते हंसतात, आणि हंसतां हंसतां कथा पुढें सरकते. लय वाढली कीं पाय आपोआप नाचूं लागतात. पहाटे आरती होते आणि गोंधळ उठतो.

ही परंपरा किती जुनी? गोंधळी स्वतः परशुरामाकडे बोट दाखवितात. परशुरामानें बेटासुर दैत्यास मारून त्याच्या शिरास तंतू ओंविले, आणि तें वाजवीत तो माता रेणुकेच्या दर्शनास आला, अशी त्यांची कथा. ग्रंथांचा पुरावा निराळ्या वाटेनें जातो. बाराव्या शतकांत कल्याणीच्या चालुक्य राजा तिसऱ्या सोमेश्वरानें 'मानसोल्लास' रचला; त्यांत गोंडली नांवाच्या नृत्याचा निर्देश आहे. तेराव्या शतकांत देवगिरीच्या शार्ङ्गदेवानें 'संगीतरत्नाकरां'त आणि काकतीय सेनापति जायप यानें 'नृत्तरत्नावली'ंत त्याची नोंद घेतली. भूतमातेच्या उत्सवांत भिल्लिणीच्या वेषांतील एका स्त्रीचें नृत्य पाहून सोमेश्वर मोहित झाला, असें जायप सांगतो. कल्याणी म्हणजे आजचें बसवकल्याण. तें धाराशिव जिल्ह्याच्या सीमेपासून फार दूर नाहीं. याच गोंडलीशीं गोंधळाचा संबंध अभ्यासक जोडतात.

पुढें राज्यें बदलत गेलीं. यादव गेले, बहामनी आले, आदिलशाही आली, मोगल आणि मग निजाम. १८५३ मध्यें हा मुलूख इंग्रजांकडे गेला, १८६० मध्यें निजामाकडे परत आला आणि १९४८ मध्यें भारतांत सामील झाला. या उलथापालथींत गोंधळ्यांचें फिरणें थांबलें नाहीं. देवीच्या आख्यानांबरोबर वीरांचे पोवाडेही त्यांच्या तोंडीं असत. १६५९ च्या अफझलखान-वधावरील अज्ञानदासाचा पोवाडा हा उपलब्ध पोवाड्यांत सर्वांत जुना मानला जातो. ज्यांस वाचतां येत नव्हतें, त्यांच्यापर्यंत इतिहास पोंचला तो अशाच कंठांतून.

गोंधळ्यांची आणखी एक विद्या करपल्लवी. श्रोत्यानें एका साथीदाराच्या कानांत एखादें नांव सांगावें. त्यानें दूर उभ्या असलेल्या दुसऱ्यास हाताच्या व बोटांच्या खुणांनीं अक्षरें दाखवावीं. आणि त्यानें तें नांव बिनचूक उच्चारावें. लोक ही जादू समजत. वस्तुतः ती बाळपणापासून घोटलेली एक लिपीच होय, फक्त कागदाऐवजीं हातावर लिहिलेली.

येथेंच या कलेचें बळ आहे आणि भयही. तिचें पुस्तक नाहीं. बापाच्या हातून मुलाच्या हातीं ती जाते. महाराष्ट्र शासनाच्या भटक्या जमातींच्या यादींत गोंधळ्यांचें नांव आहे, आणि ज्यांच्या पायांस स्थिर घर नाहीं त्यांच्या मुलांनीं शाळा धरली, नोकरी धरली, तर त्यांस दोष कोण देईल? लग्नघरीं बँड आला, ध्वनिक्षेपक आला, आणि रात्रभराचा गोंधळ पुष्कळ घरीं घटका-दोन घटकांवर येऊन ठेपला. परभणीच्या राजारामभाऊ कदमांसारख्या कलावंतांनीं तो नगरांच्या रंगमंचावर नेला व त्याची थोरवी नव्या श्रोत्यांस पटविली, हें मोठेंच कार्य. परंतु रंगमंचावर प्रेक्षक असतात. अंगणांत घरधनी असतो, चौकापुढें वधूवरें बसलेलीं असतात, आणि देवी पाहुणी म्हणून आलेली असते. ज्या घरानें तिला बोलवावयाचें, त्या घराच्या हातींच या मेळ्याचें आयुष्य आहे. घरांतून हें बोलावणें येत राहिलें, तर बाप मुलास संबळाची काठी धरावयास शिकवील.