श्वासाचा हिशेब

पाण्याने भरलेला डबा घमेल्यातल्या पाण्यात उपडा धरायचा, आत रबरी नळी सोडायची आणि छाती भरून घेतलेला श्वास पूर्ण फुंकायचा. जितके पाणी उतरले तितकी हवा. हा प्रयोग आपण वर्गात करतो. जॉन हचिन्सन या इंग्रज डॉक्टरांचा १८४६ चा स्पायरोमीटरही पाण्यावरच चाले. दोन हजारांवर माणसांचे श्वास मोजून त्यांनी दाखवले की उंचीबरोबर ही क्षमता वाढते.

पण आलेला आकडा कमी की पुरेसा, हे कशावरून ठरवायचे?

अमेरिकेतले डॉ. सॅम्युएल कार्टराइट गुलामगिरीचे कट्टर समर्थक. काळ्यांच्या फुप्फुसांची क्षमता गोऱ्यांपेक्षा वीस टक्के कमी असते आणि सक्तीचे श्रमच त्यांना निरोगी ठेवतात, असे त्यांचे म्हणणे. (पळून जाण्याची इच्छा हा त्यांनी १८५१ मध्ये गुलामांचा एक रोगच ठरवला होता!) यादवी युद्धानंतर, १८६९ मध्ये, बेंजामिन गूल्ड यांनी सैनिकांची मोजमापे छापली. काळ्या सैनिकांचे आकडे कमी भरले. त्यांतले कितीतरी जण नुकतेच गुलामीतून सुटलेले होते, पण तो विचार झाला नाही. फरकाचे कारण वंश, असे मानले गेले.

पुढे हाच फरक 'दुरुस्ती' म्हणून यंत्रांत बसला: काळ्यांसाठी १० ते १५ टक्के वजा, आशियाईंसाठी ४ ते ६. म्हणजे तिकडे स्थायिक झालेले आपले लोकही त्यात आले.

समजा, एका कामगाराने ३ लिटर हवा फुंकली. त्याच्या उंचीच्या, वयाच्या गोऱ्या माणसाकडून अपेक्षा ४ लिटरची. प्रमाण ७५ टक्के, म्हणजे तपासायला हवे. तो काळा असेल तर अपेक्षाच ३.४ लिटर, प्रमाण ८८ टक्के, सगळे ठीक! तंत्रज्ञाच्या मनात आकस असण्याची गरजच नाही. १९९९ मध्ये बाल्टिमोरच्या न्यायालयात अॅस्बेस्टॉसच्या खटल्यांत एका कंपनीने हाच मुद्दा काढला: काळ्या कामगारांनी भरपाईसाठी अधिक बिघाड दाखवावा. न्यायाधीशांनी तो फेटाळला.

२०२३ मध्ये अमेरिकन थोरॅसिक सोसायटीने वंशनिहाय सूत्रे सोडण्याची शिफारस केली. हिशेब तेवढ्याने मिटला नाही. ७५ टक्क्यांवर आलेल्या त्या कामगाराचा आजार आता लवकर कळेल, भरपाईही मिळू शकेल. पण त्याच आकड्यावर एखादी नोकरी किंवा फुप्फुसाची शस्त्रक्रिया त्याला नाकारलीही जाऊ शकते. आणि धूर, कोंदट घरे, अपुरे अन्न यांतला किती वाटा त्या कमी भरलेल्या एका लिटरमध्ये आहे, हे कोणत्याच सूत्रातून दिसत नाही.