दीवची खाडी आणि दिवसाचा उजेड

१८ डिसेंबर १९६१ च्या सकाळी पुण्याहून निघालेल्या बारा कॅनबेरा विमानांनी गोव्यातील दाभोळीच्या धावपट्टीवर बॉम्ब टाकले. गोवामुक्तीचा धडा शिकवताना आपण एवढे सांगतो आणि पुढे जातो. त्याच दिवशी दीवला जे घडले ते आम्हांला अधिक विचार करण्याजोगे वाटते.

दीव हे बेट. सौराष्ट्राच्या भूमीपासून एका अरुंद खाडीने तुटलेले. राजपूत रेजिमेंटच्या एका पलटणीने पहाटेच्या अंधारात ही खाडी ओलांडायचा प्रयत्न केला. साधन कोणते? तेलाच्या पिंपांवर बांबूच्या खाटा बांधून केलेले तराफे! २०० लिटरचे बंद पिंप पूर्ण बुडाले तर २०० किलो पाणी बाजूला सारते. त्याचे स्वतःचे वजन सुमारे २० किलो. म्हणजे चार पिंपे सातशे किलोच्या आसपास भार पेलतील. वर्गात करून पाहण्याजोगे हे गणित आहे. तरंगण्याचा प्रश्न आर्किमिडीजने सोडवला. वेगाचा मात्र सुटत नाही. उजनीच्या फुगवट्यात होडी वल्हवताना पाहिलेल्या इंदापूरकडच्या मुलांना हे सांगायला नको. सेकंदाला एक मीटर वेग धरला, तर ३०० मीटरला पाच मिनिटे लागतात. आडोसा नाही, आणि समोरची मशिनगन मिनिटाला काही शे गोळ्या झाडते. पोर्तुगीजांच्या माऱ्यापुढे तराफ्यांना परतावे लागले. जवान कामी आले.

मग त्या वेळी विमाने का नव्हती? तराफ्यांना अंधार हवा होता, कारण तो त्यांना लपवतो. पण तोच अंधार शत्रूची मशिनगनही लपवतो. त्या काळच्या वैमानिकाला जमिनीवरचे छोटे लक्ष्य डोळ्यांनीच शोधावे लागे, आणि आपले जवान खाडीत असताना अंदाजाने मारा करणे म्हणजे त्यांच्याच जिवाशी खेळ. उजाडल्यावर जामनगरची 'तूफानी' विमाने आली. फ्रेंच बनावटीच्या या विमानांनी पोर्तुगीज ठाणी टिपली, 'वेगा' ही गस्तनौकाही हवाई हल्ल्यात बुडाली. समुद्रातून 'आयएनएस दिल्ली'च्या तोफा किल्ल्यावर चालल्या. १९ डिसेंबरला दीव शरण आले.

पण उजेड असला म्हणजे झाले, असेही नाही. ६ जून १९४४ रोजी नॉर्मंडीच्या ओमाहा किनाऱ्यावर ढग होते. आपल्याच होड्यांवर बॉम्ब पडू नयेत म्हणून अमेरिकी विमानांनी ते काही सेकंद उशिरा सोडले. ताशी तीनशे किलोमीटरने जाणारे विमान दहा सेकंदांत आठशे मीटर पुढे सरकते! बॉम्ब किनाऱ्यापलीकडच्या शेतांत पडले, जर्मन मशिनगन शाबूत राहिल्या. शेजारच्या युटा किनाऱ्यावर विमाने ढगांखाली उतरली. तिथे मारा बराच अचूक झाला.

आणि दाभोळी? धावपट्टीच्या शाबूत उरलेल्या तुकड्यावरून त्याच रात्री दोन पोर्तुगीज प्रवासी विमाने उडाली आणि कराचीला पोहोचली.