करवीरचे कलावंत आणि पुरुषाकृति

कोल्हापूर शहरांत खासबागेच्या परिसरांत कुस्त्यांचें मैदान आणि नाटकगृह हीं दोन्ही एकमेकांना लागून उभीं राहिलीं, हा केवळ योगायोग नव्हे. दोहोंच्या मागें इच्छा एकाच पुरुषाची होती, ती राजर्षि शाहूमहाराजांची. १९०२ सालीं महाराज विलायतेच्या प्रवासास गेले असतां रोम येथील प्राचीन रंगणाचे अवशेष त्यांच्या दृष्टीस पडले, आणि तसेंच एखादें वर्तुळाकार मैदान आपल्या राजधानींत असावें, असें त्यांच्या मनानें घेतलें. १९१२ सालीं तें पुरें झालें. मध्यें लाल मातीचा हौदा आणि भोंवतीं चढती बैठक. कोठेंही बसलें तरी हौद्यांतील जोड डोळ्यांपुढें स्वच्छ दिसावी, अशी त्याची रचना. पुढें १९१५ सालीं त्याच्या शेजारीं पॅलेस थिएटर उघडलें. मैदानांत लंगोट कसलेला मल्ल आणि रंगभूमीवर शालू नेसून, अंबाडा घालून, लाजत मुरडत प्रवेश करणारा नट, अशीं पुरुषदेहाचीं दोन रूपें करवीरकरांना एकाच आवारांत पाहावयास मिळूं लागलीं. सकाळीं तालमींत घाम गाळणारा तरुण रात्रीं स्त्रीपार्टीच्या पदांना ‘वन्स मोअर’ देत असे, आणि त्यांत त्याला कांहीं विसंगत वाटत नसे.

हें नाटकगृह पुढें ज्यांच्या नांवानें ओळखलें जाऊं लागलें, ते केशवराव भोसले कोल्हापूरचेच. त्यांची नटजीवनाची सुरुवात स्त्रीभूमिकांनीं झाली आणि कीर्तीचा कळस पुरुषभूमिकेनें चढला. १९२१ च्या संयुक्त ‘मानापमाना’त ते धैर्यधर होते आणि भामिनी होते बालगंधर्व. त्याच वर्षीं केशवराव वारले. तें नाटकगृह २०२४ च्या ऑगस्ट महिन्यांत आगीच्या भक्ष्यस्थानीं पडलें, हें श्रोत्यांच्या स्मरणांत असेलच.

अशा नगरांत वाढलेल्या चित्रकारांनीं व शिल्पकारांनीं पुरुष कसा पाहिला आणि कसा दाखविला, हें समजून घेण्यासाठीं प्रथम मुंबईच्या कलाशिक्षणाकडे वळलें पाहिजे. १८५७ सालीं मुंबईस सर ज. जी. कलाशाळा निघाली. तेथील विद्यार्थ्यापुढें पुरुषदेह आला तो ग्रीक व रोमन पुतळ्यांच्या प्लॅस्टरच्या प्रतिकृतींच्या रूपानें. त्यांवर पडलेल्या छायाप्रकाशाचें रेखन करण्यांत महिनेच्या महिने जात. त्यामुळें हात तयार होई, यांत शंका नाहीं. पण जो देह विद्यार्थी रेखाटीत होता, तो त्यानें गांवांत, शेतांत किंवा आखाड्यांत कधींही पाहिलेला नव्हता. आपल्या मल्लाची मान, त्याचा भरीव पोटऱ्यांचा आणि रुंद कमरेचा बांधा यांचा त्या ग्रीक युवकाशीं मेळ बसण्यासारखा नव्हता. जिवंत देहावरून अभ्यास करण्याची पद्धत त्या शाळेंत नीट रुजली ती १९१९ नंतर, ग्लॅडस्टन सॉलोमन यांच्या कारकीर्दींत.

शिवाय आश्रयदात्यांची मागणी निराळीच होती. ज्या शिल्पानें महाराष्ट्राचें नांव प्रथम गाजलें, तें गणपतराव म्हात्रे यांचें १८९६ सालचें ‘मंदिरपथगामिनी’ हें स्त्रीचें शिल्प होय. पुरुषांचे पुतळे हवे असत ते पुढाऱ्यांचे, शेठसावकारांचे आणि साहेबलोकांचे. आणि ते घडविणाराला पगडी, अंगरखा, उपरणें, पदकें यांतच आपलें कौशल्य ओतावें लागे. चेहरा हुबेहूब साधला आणि वस्त्राच्या चुण्या बरोबर पडल्या, कीं गिऱ्हाईक संतुष्ट! देह झांकला तो झांकलाच.

कोल्हापूरचे आबालाल रहिमान याच मुंबईच्या शाळेंत शिकले आणि परत येऊन शाहूमहाराजांचे दरबारी चित्रकार झाले. मनुष्याकृतीवर त्यांची हुकमत होती. तरी त्यांचें मन रमलें तें कोटितीर्थाच्या परिसरांत, तेथील पाण्यांत, झाडींत आणि सकाळ-संध्याकाळच्या उजेडांत. १९३१ सालीं ते निवर्तले, तोंपर्यंत करवीरच्या चित्रकलेवर निसर्गचित्राचा ठसा पक्का बसला होता. ज्या शहरांत तालमी गल्लोगल्लीं, त्या शहराच्या थोर चित्रकारानें झाडांकडे वळावें, हें थोडें नवलाचेंच आहे.

देहाचा प्रश्न खरा हातीं घेतला तो बाबूराव पेंटर यांनीं. सुतारकाम, कोरीवकाम आणि मूर्तिकाम ज्या मेस्त्री घराण्यांत पिढीजात, त्यांत १८९० सालीं ते जन्मले. कोणत्याही कलाशाळेचा छाप त्यांच्यावर नव्हता. चुलतभाऊ आनंदराव यांच्याबरोबर त्यांनीं नाटकमंडळ्यांचे पडदे रंगविले आणि पुढें दोघे चित्रपटाच्या ध्यासानें झपाटले. १९१६ सालीं आनंदरावांना मृत्यूनें गांठलें, तरी बाबूरावांनीं स्वदेशी कॅमेरा सिद्धीस नेला आणि महाराष्ट्र फिल्म कंपनी स्थापिली. या कामीं गायिका तानीबाई कागलकर यांनीं द्रव्याचें साहाय्य केलें, ही गोष्ट करवीरकर अजून अभिमानानें सांगतात.

कंपनीचा पहिला बोलपट नव्हे, मूकपट, तो १९२० चा ‘सैरंध्री’. विषय कीचकवधाचा. पडद्यावर वाणी नाहीं, पदें नाहींत; सर्व भार देहावर. भीमाचा क्रोध दिसावयाचा तो त्याच्या खांद्यांतून आणि पंजांतून, आणि कीचकाची लंपटता त्याच्या बसण्याउठण्यांतून. येथें कोल्हापूरची माती कामास आली. कमावलेल्या देहांची वाण त्या शहरांत कधींच नव्हती, आणि अशा देहांचें चलनवलन पाहण्याची दृष्टि तर बालवयापासूनच तयार होत असे. वधाचा प्रसंग इतका हुबेहूब उतरला कीं, तो भाग कापून टाकावा लागला. याच चित्रपटांत स्त्रीभूमिका स्त्रियांनीं केल्या. त्यामुळें पुरुषावर दोन्ही रूपें निभावण्याची पाळी उरली नाहीं. मग पुरुषानें पुरुष म्हणून काय दाखवावें, हा प्रश्न उघडा पडला.

या प्रश्नाचें भीम हें उत्तर सोपें होतें. शिवाजीमहाराजांची आकृति मात्र तशी सोपी नव्हे. महाराजांना ज्यांनीं पाहिलें होतें त्यांच्या सांगण्यावरून एस्कालिओ नांवाच्या इंग्रज पाद्र्यानें १६६४ सालीं सुरतेहून लिहिलेल्या पत्रांत त्यांचें वर्णन केलें आहे. त्यावरून पाहतां महाराज उंचीनें बेताचे, पण ताठ, प्रमाणबद्ध, चपळ, हंसतमुख आणि भेदक नजरेचे होते. आतां ज्याचें सामर्थ्य दंडांत नसून नजरेंत आहे, त्याला चौकांत उंच चौथऱ्यावर कसा उभा करावा? शाहूमहाराजांनीं पुण्यास योजिलेल्या स्मारकाची कोनशिला १९२१ सालीं युवराजांच्या हस्तें बसली, आणि तेथील अश्वारूढ पुतळा सासवण्याचे शिल्पकार विनायकराव करमरकर यांनीं घडविला. त्यांनीं पराक्रमाचा पुष्कळसा भाग घोड्याकडे दिला आणि स्वार शांत ठेवला, ही त्यांची तोड फार शहाणपणाची होय. १९२८ सालीं गव्हर्नर सर लेस्ली विल्सन यांनीं त्याचें अनावरण केलें. दैवगति अशी कीं, याच विल्सनसाहेबांचा कोल्हापुरांत उभा असलेला पुतळा १९४२ च्या लढ्यांत लोकक्षोभाचें लक्ष्य झाला, आणि १९४५ सालीं त्याच जागीं बाबूराव पेंटर यांच्या हातचा शिवाजीमहाराजांचा पुतळा विराजमान झाला.

पण बाबूरावांनीं महाराजांना त्यापूर्वींच पडद्यावर आणलें होतें. १९२४ चा ‘कल्याण खजिना’ घ्या. कल्याणच्या सुभेदाराच्या सुनेची ती सर्वश्रुत आख्यायिका. वीराचा सर्वांत मोठा पराक्रम येथें हात न उचलण्यांत आहे, परस्त्रीला मातेप्रमाणें सन्मानानें परत पाठविण्यांत आहे. भीमानंतर चारच वर्षांनीं त्याच कलावंताचा पुरुष इतका बदलला.

त्यापुढची पायरी अधिक धाडसाची. १९२५ सालीं, नारायण हरि आपटे यांच्या कथेवरून, बाबूरावांनीं ‘सावकारी पाश’ काढला. यांत देव नाहींत, राजे नाहींत. एक शेतकरी, कागदपत्रांच्या कपटानें सावकार त्याची जमीन गिळतो, आणि पोटासाठीं त्याला गिरणीची वाट धरून शहर गांठावें लागतें. तरुण शेतकऱ्याची भूमिका शांताराम वणकुद्रे यांनीं केली. हेच पुढचे विख्यात व्ही. शांताराम. अंगांत बळ आहे, पण त्या बळाचा उपयोग नाहीं. कारण समोर कीचक नसून कागद आहे. मुठी आवळाव्या तरी कोणावर? काळोखांतील झोंपडी आणि तिच्यासमोर विव्हळणारें कुत्रें हा त्यांतील देखावा पाहणारांच्या मनांत अनेक वर्षें राहिला. मल्लविद्येच्या माहेरघरीं, जेथें पाठ लागलेल्या गड्याकडे दुसऱ्या दिवशीं कोणी पाहत नाहीं, तेथें हरलेल्या पुरुषाला नायक करणें ही लहान गोष्ट नव्हती. मोकळेपणीं बोलावयाचें तर, ‘सैरंध्री’तील कीचकवधाला जेवढें धैर्य लागलें त्याहून किती तरी अधिक धैर्य या झोंपडीला लागलें. पौराणिक चित्रपटांना लोटणारी गर्दी मात्र या चित्राला लाभली नाहीं.

त्या मूकपटाची प्रत आज उपलब्ध नाहीं. बाबूरावांना मात्र तो विषय सोडवेना. १९३६ सालीं त्यांनीं तोच ‘सावकारी पाश’ बोलपटाच्या रूपानें पुनः केला, आणि त्यांतून एक नवा तरुण पडद्यावर आला. हा तरुण म्हणजे चंद्रकांत मांढरे. पीळदार शरीर, रुबाबदार चेहरा, आणि हातीं कुंचला. रंगरेषेचे धडे त्यांनीं बाबूरावांपाशींच घेतले. पुढें शिवाजीमहाराजांच्या भूमिकेंत महाराष्ट्रानें त्यांना डोक्यावर घेतलें. चित्रीकरणाच्या निमित्तानें जेथें जात तेथें ते रंगसाहित्य बरोबर नेत. कोल्हापुरास राजारामपुरींतील त्यांच्या घरीं त्यांचीं चित्रें जतन करून ठेविलीं आहेत. तीं पाहूं जातां डोंगर, झाडें, पाणी आणि पायवाटा यांचीच संख्या अधिक भरते.