सरकीतली डावी-उजवी जोडी

मंडळी, आजचा विषय रसायनशास्त्राचा आहे. पण परभणीकरांनी घाबरायचं कारण नाही. कापसाचं एक बोंड डोळ्यांपुढे आणा. वर रुई, आत सरकी. आजच्या इतिहासातली दोन्ही मुख्य पात्रं त्या एका बोंडात आहेत.

आधी सरकी. ती फोडली की गरावर बारीक काळपट ठिपके दिसतात. त्यांत गॉसिपॉल नावाचं पिवळं द्रव्य असतं. हे नाव मार्क्लेव्स्की या पोलिश रसायनशास्त्रज्ञाने १८९९ मध्ये दिलं. किडीपासून झाडाला वाचवणारं हे द्रव्य खाणाऱ्याला मात्र बाधतं. म्हशीला सरकीची ढेप चालते, कारण तिच्या पोटाच्या पहिल्या कप्प्यात बरंचसं गॉसिपॉल बांधलं जातं. कोंबडीला ती सोय नाही.

माणसाचं काय? चीनमध्ये सरकीचं कच्चं तेल खाणाऱ्या काही गावांत मूल होईनासं झालं, तेव्हा संशय गॉसिपॉलवर आला. मग १९७० च्या दशकात तेच द्रव्य पुरुषांसाठी गर्भनिरोधक म्हणून हजारो जणांना देऊन पाहिलं. काहींच्या रक्तातलं पोटॅशियम घसरलं, काहींची प्रजननक्षमता परत आलीच नाही. शेवटी तो मार्ग सोडावा लागला.

आता खरी गोष्ट. गॉसिपॉलच्या रेणूचे दोन सारखे भाग एका बंधाने जोडलेले असतात. पण तिथं इतकी दाटी असते, की ते त्या बंधाभोवती मोकळे फिरू शकत नाहीत. त्यामुळे रेणूची दोन रूपं होतात, एकमेकांच्या आरशातल्या प्रतिमा. वजन तेच, आकारमान तेच. पण प्रजननक्षमतेवर घाला घालतं ते मुख्यतः प्रकाशाचं प्रतल डावीकडे वळवणारं रूप. मग ही जोडी फोडायची कशी?

पहिला मार्ग लुई पाश्चरचा. १८४८ मध्ये त्याने टार्टारिक आम्लाच्या एका क्षाराचे डावे आणि उजवे स्फटिक भिंगाखाली चिमट्याने वेगळे केले. पण असे सुटे स्फटिक क्वचितच मिळतात. आणि नुसती बारीक चाळणी इथं कामाची नाही, कारण दोन्ही रूपं एकाच मापाची.

अंधारात उजव्या पायाची चप्पल कशी ओळखता? पाय घालून. पाय स्वतः डावा किंवा उजवा असतो, म्हणून ते जमतं. रेणू निवडणाऱ्या पदार्थालाही अशी एक बाजू असावी लागते. १९४४ मध्ये झुरिचला प्रेलॉग आणि वीलांड यांनी दुधातली साखर, म्हणजे लॅक्टोज, नळीत भरलं आणि त्यातून एक मिश्रण सोडून त्यातली दोन रूपं काही प्रमाणात वेगळी केली. साखरेचे रेणू निसर्गात एकाच हाताचे असतात, त्याचाच हा उपयोग.

इथं रुई येते. रुईत ९० टक्क्यांहून जास्त सेल्युलोज असतं, आणि सेल्युलोज म्हणजे एकाच हाताच्या ग्लुकोजची लांब साखळी. १९८० च्या दशकात जपानमध्ये योशियो ओकामोतो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सेल्युलोजमध्ये रासायनिक बदल करून त्याचा पातळ थर सच्छिद्र सिलिकाच्या कणांवर चढवला. सिलिकाच्या छिद्रांमुळे रेणूंना भिडायला भरपूर पृष्ठभाग मिळतो, आणि डावं-उजवं ओळखण्याचं काम सेल्युलोज करतं. औषधांच्या प्रयोगशाळांत आज अशा नळ्या नेहमीच्या झाल्या आहेत.

गॉसिपॉलसाठी दुसरी युक्तीही वापरतात. त्याला एकाच हाताचं अमाइन जोडलं, की तयार होणारी दोन संयुगं एकमेकांच्या प्रतिमा राहत नाहीत. मग सच्छिद्र सिलिकावर बसवलेली साधी नळीसुद्धा त्यांना वेगळं करते.

याचा शेताशी संबंध काय? डाव्या-उजव्याचं प्रमाण वाणागणिक बदलतं. परभणीत मेहबूब बागेत कापूस संशोधन केंद्र आहे, १९७२ पासून कृषी विद्यापीठ आहे. कापसाचा वाण निवडताना आपण उतारा बघतो, धाग्याची लांबी बघतो, कीड बघतो. सरकीत भरपूर प्रथिनं असूनही ती कोंबडीपुढे बेधडक टाकता येत नाही. म्हणून वाण निवडताना आणखी एक प्रश्न विचारायला हवा: याच्या सरकीत डावं किती आणि उजवं किती? ते मोजायचं साधन आता आपल्या हाती आहे.