कोल्हापूर शहरातील सार्वजनिक धूम्रपानविषयक नियम

कोल्हापूर शहरातील सार्वजनिक धूम्रपानविषयक नियम हे मुख्यतः केंद्र शासनाच्या सिगारेट व इतर तंबाखूजन्य उत्पादने अधिनियम, २००३ (संक्षिप्त नाव: कोटपा) आणि त्याखालील २००८ च्या नियमांवर आधारलेले आहेत. त्यांच्या अंमलबजावणीत पोलीस, आरोग्य विभाग, अन्न व औषध प्रशासन आणि संबंधित संस्थांचे प्रमुख यांचा वाटा आहे.

पार्श्वभूमी

केंद्रीय कायद्याच्या कितीतरी आधी मुंबई पोलीस अधिनियम, १९५१ (आताचा महाराष्ट्र पोलीस अधिनियम) याच्या कलम ११६ ने न्यायालय, पोलीस ठाणे व सरकारी इमारतींत, तशी सूचना लावलेली असल्यास, धूम्रपान करणे व थुंकणे यांस मनाई केली होती. शेजारच्या गोव्याने १९९७ मध्ये धूम्रपान व थुंकणे यांविरुद्ध स्वतंत्र कायदा केला. मुंबईचे राजकीय नेते मुरली देवरा यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २ नोव्हेंबर २००१ रोजी रुग्णालये, शिक्षणसंस्था, ग्रंथालये, न्यायालये, सार्वजनिक कार्यालये व वाहने यांत देशभर धूम्रपानबंदीचा आदेश दिला. कोटपा कायदा १ मे २००४ पासून अमलात आला आणि सुधारित नियम २ ऑक्टोबर २००८ पासून लागू झाले.

नियमांचे स्वरूप

कायद्याच्या कलम ४ नुसार सार्वजनिक ठिकाणी धूम्रपानास बंदी आहे. २००८ च्या नियमांनी खासगी कामाची ठिकाणे, उपाहारगृहे, चित्रपटगृहे आणि खरेदी संकुले यांचा त्यात स्पष्ट समावेश केला. जागेच्या मालकाने वा व्यवस्थापकाने प्रवेशद्वाराशी ६० बाय ३० सेंटीमीटर आकाराचा फलक लावणे आवश्यक असून तेथे रक्षापात्र, काडेपेटी किंवा लायटर पुरवता येत नाही. तक्रारीकडे दुर्लक्ष झाल्यास त्या जागी घडलेल्या गुन्ह्यांच्या संख्येइतका दंड व्यवस्थापनालाही होतो. विमानतळ, ३० किंवा अधिक खोल्यांची हॉटेले आणि ३० किंवा अधिक आसनांची उपाहारगृहे येथे स्वतंत्र धूम्रपान कक्ष ठेवण्याची मुभा आहे. १८ वर्षांखालील व्यक्तीस आणि शिक्षणसंस्थेपासून १०० यार्डांच्या आत तंबाखूजन्य पदार्थ विकण्यास मनाई आहे.

दंडाची कमाल रक्कम २०० रुपये असून ती २००३ पासून बदललेली नाही. वीस सिगारेटींच्या अनेक पाकिटांची किंमत आज त्याहून अधिक आहे. कोविड-१९ च्या साथीत, २०२० मध्ये, राज्य शासनाने सार्वजनिक ठिकाणी थुंकणे व धूम्रपान यांसाठी पहिल्या वेळी १,००० रुपये दंड व एक दिवस सार्वजनिक सेवा अशी शिक्षा ठरवली होती. साथीचे निर्बंध १ एप्रिल २०२२ पासून उठले. दंड २,००० रुपयांपर्यंत नेणे, खरेदीची वयोमर्यादा २१ करणे आणि धूम्रपान कक्ष रद्द करणे यांसाठी केंद्राने तयार केलेला दुरुस्ती मसुदा २०२१ च्या आरंभी हरकती व सूचनांसाठी खुला होता, परंतु त्याचे कायद्यात रूपांतर झाले नाही.

मोकळ्या जागांचा प्रश्न

कायद्यातील 'सार्वजनिक ठिकाण' या व्याख्येतून मोकळी जागा वगळलेली आहे. मात्र २००८ च्या नियमांनी खुली सभागृहे, क्रीडांगणे, रेल्वे स्थानके, बस थांबे आणि 'अशा इतर जागा' या सवलतीबाहेर काढल्या. त्यामुळे फुटबॉल सामन्यांना गर्दी खेचणारे शाहू स्टेडियम, मध्यवर्ती बस स्थानक आणि के.एम.टी.चे थांबे बंदीच्या कक्षेत येतात. कुस्तीचे खासबाग मैदानही उघड्यावरचे असले तरी प्रेक्षकांसाठीच बांधलेले असल्याने त्याच न्यायाने बंदीत मोडते. रंकाळा तलावाचा काठ किंवा पंचगंगेचा घाट यांबाबत नियमांची शब्दरचना तितकी निःसंदिग्ध नाही, आणि शहरात फिरायला जाण्याच्या जागा नेमक्या ह्याच आहेत.

स्थानिक व राज्य पातळीवरील अधिकार

महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, १९४९ च्या कलम ४५८ नुसार महापालिकेस उपविधी करता येतात, पण ते राज्य शासनाच्या मंजुरीनंतरच अमलात येतात. केंद्रीय कायद्यात बदल करणे महापालिकेच्या हाती नाही. राज्यालाही त्यासाठी राष्ट्रपतींची संमती घ्यावी लागते. मुंबईतील कमला मिल आगीत डिसेंबर २०१७ मध्ये १४ जणांचा मृत्यू झाल्यानंतर महाराष्ट्राने २०१८ मध्ये या मार्गाने हुक्का पार्लरवर बंदी आणली. त्यासाठी एक ते तीन वर्षे कारावास व ५०,००० ते १ लाख रुपये दंडाची तरतूद आहे. सप्टेंबर २०२० मध्ये राज्यात सुट्या सिगारेटी व बिड्यांच्या विक्रीसही मनाई झाली. तंबाखू विक्रेत्यांना महापालिकांमार्फत परवाने द्यावेत आणि अशा दुकानांत बिस्किटे, चॉकलेटे आदी वस्तू विकू देऊ नयेत, अशी शिफारस केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २०१७ मध्ये राज्यांना केली होती.

सीमाभाग आणि तंबाखू

कोल्हापूरलगतचे निपाणी ही विडीच्या तंबाखूची मोठी बाजारपेठ आहे. तेथे १९८१ मध्ये शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली तंबाखूच्या भावासाठी शेतकऱ्यांनी महामार्ग रोखून धरला होता. त्या वेळच्या पोलीस गोळीबारात शेतकरी मृत्युमुखी पडले. या पट्ट्यात तंबाखू हे व्यसन आहे तसेच नगदी पीक आणि विडी कामगार स्त्रियांची मजुरीही आहे.

प्रौढांच्या तंबाखूसेवनाविषयीच्या २०१६-१७ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात धूम्रपान करणारे ३.८ टक्के, तर धूरविरहित तंबाखू वापरणारे २४.४ टक्के होते. म्हणजे कलम ४ ची बंदी तंबाखू खाणाऱ्या व मिश्री लावणाऱ्या बहुसंख्यांना लागूच होत नाही. कर्नाटकाने मे २०२५ मध्ये अमलात आणलेल्या दुरुस्तीने सार्वजनिक ठिकाणी तंबाखूचा वापरही निषिद्ध केला, दंड १,००० रुपये केला आणि विक्रीची वयोमर्यादा २१ वर नेली. परिणामी महामार्गाने कागल सोडून दूधगंगा ओलांडल्यावर त्याच कृत्याचा दंड पाचपट होतो.