टोलची मुदत संपल्यावर रस्ता कुणाचा? शिरूर-दौंडकरांना माहीत असाव्यात अशा गोष्टी

केंदूर (ता. शिरूर) : केंदूर-पाबळ भागातला कांदा असो की दूध, शिक्रापूरला पुणे-नगर रस्त्याला लागल्याशिवाय पुण्याला जात नाही. दौंडकरांचं तेच पुणे-सोलापूर रस्त्याचं. हे दोन्ही रस्ते मोठे झाले ते खासगी कंपन्यांना टोलचा ठेका देऊन. टोलवरून भांडणं खूप झाली, पण कंपनी गेल्यावर रस्ता कोण सांभाळणार, हे फारसं कुणी विचारत नाही.

बीओटी म्हणजे काय?
बांधा, वापरा, हस्तांतरित करा. कंपनी स्वतःचा पैसा आणि बँकेचं कर्ज घालून रस्ता बांधते, ठरलेली वर्षं टोल घेते आणि नंतर रस्ता सरकारला परत देते. मालकी पहिल्यापासून सरकारचीच. मुदतीत खड्डे, साइडपट्ट्या, मोऱ्या, ठराविक वर्षांनी डांबराचा नवा थर, हे कंपनीनं करायचं.

मुदत संपल्यावर काय होतं?
१) टोल बंद होतो. पुणे-सोलापूर रस्त्यावर कवडीपाट ते कासुर्डी टप्प्याचा टोल २०१९ मध्ये बंद झाला. पाटसचा नाका वेगळ्या कराराचा, म्हणून तो त्यानंतरही चालू राहिला. पुणे-नगर रस्त्यावर पेरणे फाट्याचा टोलही इतिहासजमा झाला.
२) नवा ठेका निघतो. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाचा टोल २००४ मध्ये १५ वर्षांसाठी ९१८ कोटींना दिला होता. २०२० मध्ये पुन्हा ठेका निघाला, ८,२६२ कोटींना, एप्रिल २०३० पर्यंत.
३) सरकार मध्येच टोल माफ करतं. २०१५ मध्ये राज्यानं १२ नाके बंद केले आणि ५३ नाक्यांवर कार, जीप, एसटीला सूट दिली. पण कंपनीची भरपाई सरकारी तिजोरीतूनच करावी लागते.

टोल थांबला तरी देखभालीचा खर्च थांबत नाही. तो मग सरकारच्या बजेटमधून येतो, आणि बजेटमध्ये रस्त्याचा नंबर कधी लागेल याचा नेम नसतो.

शेवटची दोन वर्षं महत्त्वाची
खंडानं घेतलेल्या रानात शेवटच्या वर्षी कुणी शेणखत टाकतं का? रस्त्याचंही तसंच. मुदत संपत आली की कंपनीचा हात आखडतो. म्हणून करारात हस्तांतरणाआधी पाहणीची अट घालतात. पाहणीत निघालेले दोष कंपनीनं स्वखर्चानं दुरुस्त करायचे असतात. ही पाहणी नुसती कागदावर झाली, तर खराब रस्ता आपल्या गळ्यात पडतो.

गावानं काय करावं?
- माहिती अधिकारात १० रुपये भरून कराराची प्रत, मुदत संपण्याची तारीख आणि पाहणी अहवाल मागावा. उत्तर ३० दिवसांत द्यावं लागतं.
- मुदत संपायच्या आधी मोऱ्या, गटारं, साइडपट्ट्या यांचे फोटो काढून ग्रामसभेचा ठराव करावा आणि संबंधित खात्याला द्यावा.
- राष्ट्रीय महामार्गावरची तक्रार १०३३ नंबरवर करावी.
- राष्ट्रीय महामार्गावरच्या नाक्यापासून २० किलोमीटरच्या आत राहणाऱ्यांना स्वतःच्या, धंद्याच्या नसलेल्या गाडीसाठी मासिक पास मिळतो. आधी तो काढा.

आता पुणे-शिरूर उन्नत मार्गही याच बीओटी पद्धतीनं करायचं ठरलंय. हा करार पुढच्या पिढीपर्यंत चालणार. टोल किती, हे तर विचाराच. पण रस्ता परत देताना तो कसा असेल, हे करारात काय लिहिलंय तेही आत्ताच विचारा.